पाप कृतीत की संमतीत? पीटर ॲबेलार्डचे चरित्र आणि नीतिविचार

मनुष्याच्या हातून जे घडते त्याचा दोष नेमका कोठे राहतो, हा धर्मविचारातील फार जुना प्रश्न आहे. हाताने केलेल्या कृतीत, त्या कृतीकडे ओढणाऱ्या वासनेत, की वासनेला मनाने दिलेल्या संमतीत? प्रायश्चित्ताचा सगळा विचार या एका उत्तरावर उभा असतो. दोष कृतीत मानला तर कृतीच्या मापाने दंड ठरविता येतो आणि तो भोगून मनुष्य मोकळा होतो. दोष वासनेत मानला तर देहधारी असा कोणीच निर्दोष उरत नाही. दोष संमतीत मानला तर मात्र त्याचा साक्षी बाहेर कोठेही सापडत नाही; ज्याचा त्यानेच आपल्या अंतःकरणात त्याचा शोध घ्यावा लागतो. युरोपखंडात बाराव्या शतकात हा प्रश्न अत्यंत तीव्रतेने ज्याने मांडला, त्या पीटर ॲबेलार्डचे चरित्र प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. हा पुरुष निष्कलंक नव्हता. त्याच्या हातून मोठे अपराध घडले आणि त्यांची फळेही त्याने भोगली. म्हणूनच त्याने पुढे जो सिद्धांत मांडला त्याची पहिली कसोटी त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर लागली. त्याचे चरित्र आणि त्याचा विचार ही दोन निरनिराळी प्रकरणे करून वाचता येत नाहीत, याचे कारण हेच होय.

तत्कालीन नीतिविचाराची मुळे

ॲबेलार्डच्या आयुष्याकडे वळण्यापूर्वी, त्याच्या काळी नीतिविचार कोणकोणत्या झऱ्यांतून आला होता हे पाहणे आवश्यक आहे. पहिला आणि मुख्य झरा ख्रिस्ती धर्मग्रंथाचा. मोशेच्या दहा आज्ञांत बहुतांशी कृतींचा निषेध आहे. परंतु शेवटी परक्याच्या वस्तूचा लोभ धरण्याचाही निषेध आहे, म्हणजे तेथे मनालाही नियम घातला आहे. येशूच्या गिरिप्रवचनात हा अंतर्मुख भाग अधिक ठळक होतो. परस्त्रीकडे कामबुद्धीने पाहणारा मनाने व्यभिचारी झालाच, असा त्या उपदेशाचा आशय आहे. दुसरा झरा संत ऑगस्टिनचा. इ. स. ३५४ ते ४३० या काळात होऊन गेलेल्या या आचार्याने गिरिप्रवचनावरील आपल्या भाष्यात पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : प्रथम विषयाची सूचना, मग त्यात सुख वाटणे आणि अखेरीस संमती. तिसरा झरा ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञांचा. सिसेरो आणि सेनेका यांच्या लॅटिन ग्रंथांतून स्टोइक मताचा सद्गुणविचार मध्ययुगापर्यंत आला होता. आणि सहाव्या शतकातील बोएथियसच्या भाषांतरांतून व टीकांतून ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचा काही भाग, तसेच सद्गुण म्हणजे मनाची अंगी मुरलेली वृत्ती होय, ही कल्पना उपलब्ध झाली होती. ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरील मुख्य ग्रंथ मात्र संपूर्ण रूपाने लॅटिनमध्ये आला तो रॉबर्ट ग्रोसटेस्टच्या भाषांतराने, इ. स. १२४६-४७ च्या सुमारास. म्हणजे ॲबेलार्डच्या हाती तो नव्हता.

या तीन झऱ्यांखेरीज एक व्यवहारातील परंपराही होती. सहाव्या शतकापासून प्रथम आयर्लंडच्या मठांत आणि तेथून इतरत्र प्रायश्चित्तांच्या पोथ्या प्रचारात आल्या. अमुक पापाला अमुक दिवसांचा उपवास, अमुक पापाला इतक्या वर्षांचे व्रत, अशी त्यांत याद्यांसारखी रचना असे. त्या पोथ्या हेतूचा विचार अजिबात करीत नव्हत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल; तथापि त्यांचा मुख्य भर घडलेल्या कृत्यावर असे. पापाचे माप आणि दंडाचे माप जुळविणे हे पापनिवेदन ऐकणाऱ्या पुरोहिताचे काम होऊन बसले होते.

जन्म आणि विद्याभ्यास

इ. स. १०७९ मध्ये ब्रिटनी प्रांतात, नांत नगराजवळील ल पाले या गावी पीटरचा जन्म झाला. पिता बेरेंगार हा शस्त्रधारी सरदारवर्गातील होता. परंतु त्याने स्वतः थोडी विद्या मिळविली होती आणि मुलांनी शस्त्रापूर्वी शास्त्र शिकावे अशी त्याची इच्छा होती. पीटर ज्येष्ठ पुत्र. वारसाहक्क त्याचा होता. तो हक्क त्याने धाकट्या भावांसाठी सोडून दिला आणि तर्कशास्त्राचा मार्ग धरला. पुढे आईबाप दोघांनीही संसार सोडून धर्मव्रत स्वीकारले.

त्याचा आरंभीचा एक गुरू रोसेलिन हा होता. सुमारे इ. स. ११०० मध्ये तो पॅरिसला आला आणि विल्यम ऑफ शाम्पो या विख्यात आचार्याच्या पाठशाळेत दाखल झाला. न्यायदर्शनात ज्याला सामान्य किंवा जाती म्हणतात, त्या विषयावर तेव्हा युरोपात मोठा वाद चालला होता. अनेक मनुष्यांत मनुष्यत्व नावाची एकच वस्तू संपूर्णपणे नांदते, असे विल्यमचे मत होते. ॲबेलार्डने त्यावर असे आक्षेप घेतले की गुरूला आपले मत बदलावे लागले. सामान्य ही वस्तू नव्हे. ते अनेकांना लागू पडणाऱ्या सार्थ शब्दाचे कार्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे हे आधी पाहावे, मगच वस्तूविषयी बोलावे, ही सवय त्याला येथे जडली. आणि पुढे धर्मग्रंथाचा अर्थ लावतानाही तीच सवय त्याच्या उपयोगी पडली.

गुरूला जिंकल्याचा अभिमानही येथेच जडला. मेलँ आणि कोर्बेय येथे त्याने स्वतःच्या पाठशाळा काढल्या. अतिश्रमाने आजारी पडून काही वर्षे तो मायदेशी राहिला. परत येऊन पुन्हा वादात उतरला. इ. स. १११३ च्या सुमारास तो धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी लाँ येथील वृद्ध आचार्य अन्सेल्मकडे गेला. तेथे त्याने असे मत मांडले की, सुशिक्षित माणसाला पूर्वाचार्यांची टीका समोर असली म्हणजे धर्मग्रंथ समजून घेण्यास वेगळ्या गुरूची गरज नाही. सहाध्यायांनी त्याला आव्हान दिले. त्यांनी यहेज्केल संदेष्ट्याचा अत्यंत दुर्बोध भाग निवडला आणि ॲबेलार्डने दुसऱ्याच दिवशी त्यावर व्याख्यान आरंभिले. ऐकणाऱ्यांची संख्या दिवसेंदिवस वाढली आणि अन्सेल्मने ती व्याख्याने बंद पाडली. बुद्धीचे तेज आणि विनयाचा अभाव या दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात एकत्र दिसतात. ग्रंथ वाचून अर्थ लागतो, परंतु गुरूपाशी बसून जी नम्रता येते ती ग्रंथातून येत नाही, हे त्याला फार उशिरा कळावयाचे होते.

पतन

लवकरच तो पॅरिसच्या नोत्र दाम येथील पाठशाळेचा मुख्य अध्यापक झाला. देशोदेशींचे विद्यार्थी त्याच्याकडे येऊ लागले. द्रव्य आणि कीर्ती दोन्ही मिळाली. त्याच नगरात फुल्बेर नावाचा एक धर्माधिकारी राहत असे. त्याची पुतणी हेलोईझ विद्वत्तेसाठी प्रसिद्ध होती. त्या काळी स्त्रियांतच काय, पुरुषांतही क्वचित आढळावे इतके तिचे लॅटिनचे ज्ञान होते. ॲबेलार्डने फुल्बेरच्या घरी बिऱ्हाड केले आणि फुल्बेरने मोठ्या विश्वासाने तिच्या शिक्षणाचा भार त्याच्यावर सोपविला. हा सर्व बेत आपण तिच्या अभिलाषेने आखला होता, हे ॲबेलार्डने पुढे आत्मचरित्रात उघड लिहिले आहे. गुरुशिष्येच्या नात्याचा असा भंग झाला. हेलोईझ गर्भवती राहिली. ॲबेलार्डने तिला ब्रिटनीत आपल्या बहिणीकडे नेले. तेथे पुत्र झाला. त्याचे नाव अस्त्रोलाब ठेवण्यात आले.

फुल्बेरचा क्रोध शांत करण्यासाठी ॲबेलार्ड विवाहास तयार झाला. अट एवढीच की तो गुप्त राहावा. हेलोईझने या विवाहास विरोध केला. विवाहाने तत्त्वचिंतकाच्या जीवनास बाध येईल आणि काकाचा रोषही शमणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तिचे दुसरे अनुमान तर अक्षरशः खरे ठरले. विवाह झाला, फुल्बेरच्या माणसांनी तो जाहीर केला, हेलोईझने तो नाकारला आणि घरी तिचा छळ सुरू झाला. ॲबेलार्डने तिला अर्जांतय येथील जोगिणींच्या मठात ठेवले. हा आपल्या पुतणीला टाकू पाहतो अशी फुल्बेरची समजूत झाली. इ. स. १११७ च्या सुमारास एके रात्री त्याच्या माणसांनी ॲबेलार्डच्या सेवकाला फितवून घरात प्रवेश केला आणि निद्रिस्त ॲबेलार्डचे पुरुषत्व छेदून टाकले. हल्लेखोरांपैकी दोघे पकडले गेले व त्यांनाही भयंकर शिक्षा झाली.

लज्जेने व्याकूळ झालेल्या ॲबेलार्डने संन्यास घेण्याचे ठरविले. मात्र त्याने आधी हेलोईझकडून दीक्षा घेवविली आणि मग स्वतः सां दनी येथील मठात प्रवेश केला. ही दीक्षा त्याला वैराग्याने नव्हे, तर लज्जेने दिली होती, हे त्यानेच कबूल केले आहे. हेलोईझच्या दीक्षेचे कारण तर त्याहूनही निराळे होते. ते पुढे येईल.

भाष्यकार आणि वादी

मठात त्याने पुन्हा अध्यापन सुरू केले आणि ईश्वराच्या त्रैक्यावर एक ग्रंथ लिहिला. श्रद्धेचा विषय दृष्टांतांनी आणि युक्तीने समजावून द्यावा, अशी विद्यार्थ्यांची मागणी होती. इ. स. ११२१ मध्ये स्वासाँ येथे भरलेल्या धर्मपरिषदेने त्याला बाजू मांडू न देता तो ग्रंथ दूषित ठरविला आणि ॲबेलार्डला स्वतःच्या हाताने तो अग्नीत टाकावा लागला. देहाला झालेल्या आघातापेक्षा हा अपमान त्याला अधिक लागला. पुढे सां दनीच्या मठातही त्याचे पटेना. मठाच्या आद्य संताविषयीची परंपरागत समजूत बीड या जुन्या ग्रंथकाराच्या लेखाशी जुळत नाही, हे त्याने दाखविताच सारे मठवासी खवळले आणि त्याला पळ काढावा लागला. इ. स. ११२२ मध्ये सुजे हा नवा मठाधिपती झाल्यावर त्याला एकांतात राहण्याची मुभा मिळाली.

शांपाञ प्रदेशात ओसाड जागी त्याने वेत आणि गवत यांची एक लहानशी प्रार्थनाकुटी बांधली. हे समजताच विद्यार्थी तेथेही येऊन धडकले आणि भोवती झोपड्या उभारून राहू लागले. त्या स्थानाला त्याने पॅराक्लीट, म्हणजे सांत्वन करणारा, हे पवित्र आत्म्याचे नाव दिले.

याच काळात रचल्या गेलेल्या ‘होय आणि नाही’ या ग्रंथाचा परिचय शास्त्राभ्यासी वाचकांस विशेष उपयुक्त वाटेल. यात १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकावर धर्मग्रंथातील आणि पूर्वाचार्यांची परस्परविरोधी दिसणारी वचने समोरासमोर मांडली आहेत. निर्णय मात्र कोठेही दिलेला नाही. तो वाचणाऱ्याने करावयाचा. तथापि हा ग्रंथ शास्त्राची थट्टा करण्यासाठी नव्हे. प्रस्तावनेत विरोधपरिहाराचे नियम सांगितले आहेत. एकच शब्द निरनिराळे ग्रंथकार निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, हे आधी पाहावे. लेखकूच्या प्रमादाने पाठ बिघडला आहे काय, हे तपासावे. आचार्याने ते मत पुढे स्वतःच मागे घेतले आहे काय, किंवा तो दुसऱ्याचे मत केवळ सांगत आहे काय, हे पाहावे. कारण ऑगस्टिननेही उत्तरवयात आपल्या पूर्वीच्या ग्रंथांचे परीक्षण केले होते. आज्ञा सर्वकालीन आहे की विशिष्ट प्रसंगापुरती, हेही ध्यानात घ्यावे. इतके करूनही विरोध राहिला, तर ज्याचे प्रामाण्य अधिक ते वचन ग्राह्य मानावे. मुख्य धर्मग्रंथात काही विसंगत वाटल्यास त्याने ग्रंथाला दोष दिलेला नाही. प्रत अशुद्ध असेल, भाषांतर चुकले असेल, किंवा आपणांस अर्थ कळला नसेल, असे समजावे असे तो सांगतो. जिज्ञासापूर्वक शंका घेणे हे ज्ञानाचे द्वार आहे, अशी त्याची धारणा होती.

हेलोईझचा प्रश्न

इ. स. ११२६-२७ च्या सुमारास ब्रिटनीतील सां गिल्दा या मठाचा तो अधिपती झाला. तेथील मठवासी उच्छृंखल होते. शिस्त लावू पाहणाऱ्या या अधिपतीला त्यांनी विष घालण्याचेही प्रयत्न केले. इ. स. ११२९ मध्ये सुजेने अर्जांतयचा मठ ताब्यात घेऊन तेथील जोगिणींना बाहेर काढले. तेव्हा ॲबेलार्डने पॅराक्लीट हे आपले स्थान हेलोईझला आणि तिच्या सहचारिणींना दिले. इ. स. ११३१ मध्ये पोप दुसरा इनोसंट याने त्या दानाला मान्यता दिली. हेलोईझ तेथील अधिष्ठात्री झाली आणि तिची शिस्त, विद्या व व्यवहारदक्षता यांची सर्वत्र प्रशंसा होऊ लागली.

सुमारे ११३२ मध्ये ॲबेलार्डने आपल्या आपत्तींचा वृत्तांत पत्ररूपाने लिहिला. तो हेलोईझच्या हाती पडला आणि तिने त्याला पत्रे लिहिली. त्या पत्रांत तिने जे सांगितले ते नीतिविचाराच्या इतिहासात अपूर्व आहे. लोक माझ्या शुद्धतेची स्तुती करतात, परंतु त्यांना माझे मन दिसत नाही, असा तिच्या लेखनाचा भावार्थ आहे. मी दीक्षा घेतली ती ईश्वरासाठी नव्हे, तुमच्या आज्ञेसाठी. तेव्हा ईश्वराकडून कोणत्या फळाची अपेक्षा मी करावी? प्रार्थनेच्या वेळीसुद्धा पूर्वस्मृती मनातून जात नाहीत आणि झालेल्या गोष्टींविषयी मला खरा पश्चात्ताप होत नाही. मग या बाह्य आचाराला तपस्या कसे म्हणावे? दोष कृतीत नसून कर्त्याच्या भावात असतो, हे तत्त्व ती स्वतःच्या बचावासाठी जसे वापरते तसेच स्वतःविरुद्धही वापरते. जगाने जिला निर्दोष ठरविले होते, ती आपल्या अंतःकरणाच्या न्यायासनापुढे स्वतःला दोषी ठरवीत होती.

ॲबेलार्डने उत्तरात तिला ईश्वराकडे वळविण्याचा प्रयत्न केला आणि आपल्यावर झालेला आघात हा दंडही होता व कृपाही होती, असे सांगितले. तिने पुढे तो विषय लेखणीने थांबविला आणि मठासाठी स्त्रियांना योग्य अशा नियमांची मागणी केली. ॲबेलार्डने पॅराक्लीटसाठी नियम, प्रवचने आणि शंभराहून अधिक स्तोत्रे रचली. तसेच धर्मग्रंथातील कठीण स्थळांविषयी हेलोईझने विचारलेल्या ४२ प्रश्नांची उत्तरेही दिली. बाह्य आचार ढोंगी माणसालाही साधतो, अंतरीची भक्ती मात्र त्याला साधत नाही, हा विचार या पत्रव्यवहारात हेलोईझने आग्रहाने मांडला आहे. म्हणून ॲबेलार्डच्या नीतिशास्त्रात हेलोईझचा वाटा किती, हा प्रश्न अभ्यासकांना आजही पडतो.

‘स्वतःला जाण’

इ. स. ११३६ मध्ये ॲबेलार्ड पुन्हा पॅरिसच्या सेंत जनव्हिएव्ह टेकडीवर शिकवीत होता. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत त्याने नीतिशास्त्रावरील ग्रंथ लिहिला आणि त्याला ‘स्वतःला जाण’ हे नाव दिले. डेल्फीच्या मंदिरावरील प्राचीन ग्रीक बोधवाक्याचे हे रूप आहे. ख्रिस्ती पापविचारावरील ग्रंथाला ते नाव देण्यातच दोन परंपरांचा संगम दिसतो. या ग्रंथाचा पहिला भाग पूर्ण आहे. दुसऱ्याचा केवळ आरंभ उपलब्ध आहे.

त्याचा सिद्धांत थोडक्यात असा आहे. मनाचा दोष, पाप आणि पापकृत्य ही तीन निरनिराळी आहेत. एखादा मनुष्य स्वभावतः क्रोधी असतो, जसा एखादा जन्मतः लंगडा असतो. हा स्वभावदोष पाप नव्हे. उलट त्याच्याशी झुंज देण्यातच पुण्याची संधी आहे. शत्रूच नसेल तर विजय कशावर मिळवावयाचा? अयोग्य गोष्टीला मनाने संमती देणे, म्हणजेच ईश्वराची जाणूनबुजून अवज्ञा करणे, हे पाप. संमती दिल्यावर कृती घडो वा न घडो, पापात भर पडत नाही. दोघांनी गरिबांसाठी घरे बांधण्याचा संकल्प केला; एकाचे धन चोरीस गेले, दुसऱ्याचा संकल्प सिद्धीस गेला. ईश्वरापुढे पहिल्याचे पुण्य उणे कसे ठरेल? दोघे मिळून एकाच अपराध्याला फाशी देतात. एक न्यायासाठी, दुसरा जुन्या वैरासाठी. कृती एकच आहे, परंतु एक सत्कर्म करतो व दुसरा दुष्कर्म.

मग दंड कृतीलाच का होतो? याला त्याने एक करुण उदाहरण दिले आहे. एका दरिद्री मातेजवळ तान्ह्या बाळाला पांघरावयास वस्त्र नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या बाळाला ती वात्सल्याने कुशीत घेते आणि झोपेत तिच्या अंगाखाली ते गुदमरून मरते. धर्माधिकारी तिला मोठे प्रायश्चित्त देतो. ते तिच्या पापासाठी नव्हे, कारण तिने पाप केलेलेच नाही. इतर मातांनी सावध राहावे यासाठी आहे. मनुष्याच्या न्यायाला अंतःकरण दिसत नाही; त्याला समाजाचे रक्षण करावयाचे असते; म्हणून तो कृतीला दंड देतो. ईश्वर मात्र अंतःकरण पाहतो. या दोन न्यायांचे क्षेत्र निराळे आहे, हे त्याने स्पष्ट केले.

येथे एक शंका सहज येते. हेतूच सर्व काही असेल, तर प्रत्येक जण आपला हेतू शुद्ध आहे असे म्हणून मोकळा होईल. ॲबेलार्डने ही शंका ओळखली होती. हेतू चांगला वाटतो एवढ्याने तो चांगला होत नाही. जे ईश्वराला मान्य आहे असे आपण समजतो ते खरोखरच तसे असले पाहिजे, असे त्याने सांगितले. परंतु जो अज्ञानाने चुकला त्याला अवज्ञेचा दोष कसा द्यावा? येशूला क्रूसावर चढविणाऱ्यांनी ते कृत्य धर्म समजून केले असेल, तर त्यांच्यावर ईश्वराच्या अवज्ञेचा दोष येत नाही, असे निष्कर्ष त्याला काढावे लागले. अशा माणसांना मुक्ती मिळते असे मात्र तो म्हणाला नाही. याच ग्रंथात त्याने द्रव्यलोभाने प्रायश्चित्त सैल करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांवर कठोर टीका केली आणि पापमोचनाचा अधिकार केवळ पदामुळे प्राप्त होतो काय, असा प्रश्न उपस्थित केला.

साँस आणि क्लूनी

हे विचार पाहून सां तिएरीचा विल्यम अस्वस्थ झाला आणि त्याने क्लेर्व्होचा संत बर्नार्ड यास कळविले. बर्नार्ड हा त्या काळचा सर्वांत प्रभावी धर्मपुरुष होता. श्रद्धेच्या गूढाला तर्काने हात लावणे त्याला उद्धटपणाचे वाटे. त्याची भीती सर्वथा निराधार होती असे म्हणता येणार नाही. पाप केवळ मनात आहे असे एकदा सामान्य जनांत पसरले, तर आचाराची बंधने शिथिल होतील, ही काळजी धर्मरक्षकाला वाटणे स्वाभाविक आहे.

इ. स. ११४१ मध्ये (जुन्या ग्रंथांत हे वर्ष ११४० दिलेले आढळते) साँस येथे राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत परिषद भरली. ॲबेलार्डला खुला वाद हवा होता. परंतु बर्नार्डने आदल्या दिवशीच बिशपांची संमती मिळवून ठेवली होती. ॲबेलार्डपुढे दूषित वचनांची यादी वाचली जाऊ लागताच त्याने उत्तर देण्याचे नाकारून पोपकडे दाद मागितली. परिषदेने १९ विधाने त्याज्य ठरविली. क्रूसावर चढविणाऱ्यांविषयीचे मत आणि बाह्य कृतीने मनुष्य अधिक चांगला वा वाईट होत नाही हे मत, ही दोन्ही त्यांत होती. ॲबेलार्ड रोमकडे निघाला. वाटेत क्लूनीच्या मठात तो थांबला. तेथील अधिपती पीटर द व्हेनरेबल याने या थकलेल्या वृद्धाला आश्रय दिला. पोपने दोषनिर्णय कायम करून त्याला मौनाची आज्ञा केली होती; तरी क्लूनीच्या अधिपतीने मध्यस्थी करविली, बर्नार्डशी त्याचा समेट झाला आणि त्याला क्लूनीतच राहण्याची अनुमती मिळाली.

ज्याने आयुष्यभर प्रत्येक आचार्याशी स्पर्धा केली तो आता मठात साध्या वेषात राहू लागला. वाचन, प्रार्थना आणि मौन हाच त्याचा दिनक्रम राहिला. प्रकृती ढासळल्यावर त्याला शालाँजवळील सां मार्सेल येथे हवापालटासाठी पाठविण्यात आले. तेथेच २१ एप्रिल ११४२ रोजी त्याचा देह पडला. क्लूनीच्या अधिपतीने त्याच्या शेवटच्या दिवसांचा वृत्तांत हेलोईझला लिहून कळविला, त्याचा देह पॅराक्लीटला पोहोचविला आणि तिच्या विनंतीवरून त्याच्या पापमोचनाचा लेखही दिला. हेलोईझ त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ जगली आणि त्याच ठिकाणी तिला समाधी मिळाली. इ. स. १८१७ मध्ये दोघांचेही अवशेष पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत नेण्यात आले.

फलित

ॲबेलार्डचा सिद्धांत जसाच्या तसा कोणी स्वीकारला नाही. परंतु त्याला वगळून पुढे कोणाला जाताही आले नाही. विरोधी वचने मांडून निर्णय करण्याची पद्धती पीटर लोंबार्डच्या ग्रंथात आली आणि तो ग्रंथ पुढे कित्येक शतके धर्मशास्त्राचे पाठ्यपुस्तक राहिला. इ. स. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम केला. तेव्हा हेतू, परिस्थिती आणि पश्चात्ताप यांची चौकशी कशी करावी, हा विषय सर्वत्र महत्त्वाचा झाला. तेराव्या शतकात, ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र हाती आल्यानंतर, थॉमस ॲक्वायनसने या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. हेतू शुद्ध असला तरी कृतीचे स्वरूप स्वतःच वाईट असू शकते. भ्रांत विवेकबुद्धीविरुद्ध वागणे हे पाप आहे, परंतु तिला अनुसरल्याने मनुष्य नेहमीच निर्दोष ठरतो असेही नाही, कारण जे जाणणे त्याचे कर्तव्य होते ते न जाणण्याचा दोष उरतोच, असा त्याने समन्वय केला. ॲबेलार्डच्या सिद्धांतात जी उणीव राहिली होती ती या विवेचनाने बऱ्याच अंशी भरून निघते.

या चरित्रातून साधकाने काय घ्यावे? केवळ आचार पाळला म्हणजे अंतःकरण शुद्ध झाले, असे समजणाऱ्याला हेलोईझची पत्रे जागे करतात. केवळ मन शुद्ध असले म्हणजे आचार कसाही चालेल, असे समजणाऱ्याला ॲबेलार्डचे पूर्वायुष्य सावध करते. कारण विश्वासाने शिष्या सोपविणाऱ्याच्या घरी त्याने जे केले, त्याची झळ त्याच्या संमतीपुरती मर्यादित राहिली नाही. ती हेलोईझला, फुल्बेरला आणि मुलालाही लागली. संमतीचा साक्षी आत असतो हे खरे. पण कृतीचे भोग बाहेरच्यांनाही भोगावे लागतात. म्हणून आत पाहणे आणि बाहेर सांभाळणे या दोहोंतील एकही सोडून चालत नाही. ॲबेलार्डने पहिल्याचे शास्त्र लिहिले आणि दुसऱ्याचे शिक्षण आयुष्याच्या अखेरीस क्लूनीच्या मठात मौन राहून घेतले. त्याच्या ग्रंथांचा विचार करताना ही दोन्ही अंगे वाचकांनी ध्यानी घ्यावीत, इतकेच सांगून हे चरित्र येथे पुरे करतो.